रिपोर्ट नॉर्मल, पण छाती दुखतेच

पत्र असं आहे:

"वय ४७. राहतो फोंडा तालुक्यात, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. गेल्या चतुर्थीपासून (गणपतीवरची फळांची माटोळी बांधली, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी) छातीत डाव्या बाजूला टोचतं, कधी दाबल्यासारखं होतं, डावा हात जड होतो आणि करंगळीला मुंग्या येतात. पहिल्यांदा झालं तेव्हा रात्री १०८ बोलावली. ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन दोनदा केली, तीही नॉर्मल. पुढे इको, टीएमटी आणि शेवटी सीटी अँजिओग्राफी. सगळं नॉर्मल. 'हार्ट एकदम चांगलं आहे, टेन्शन घेऊ नका,' असं सांगून पाठवलं. पण दुखायचं थांबलेलं नाही. जिने चढताना काही होत नाही, टीव्हीसमोर बसलो की होतं. वडील ५१व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. ऑक्सिमीटर उशाशी असतो, घड्याळात ठोके बघत असतो, डाव्या कुशीवर झोपत नाही. यंदा शिगम्याला रोमटाच्या मिरवणुकीत ढोलही घेतला नाही. बायको म्हणते, मनाचे खेळ. आईनं देवळात गाऱ्हाणं घातलं. धाकटा भाऊ मस्कतला असतो, तो म्हणतो, बेळगावला जाऊन खरी अँजिओग्राफी करून घे. काही नाही, तर मग दुखतं ते काय? की मी वेडा होत चाललोय?"

भाऊ,

वेड लागलेला माणूस इतकं मुद्देसूद पत्र लिहीत नाही, तेव्हा ते आधी बाजूला ठेवू.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात घातली आहे. माटोळी. ती कशी बांधतात हे गोव्यात कुणाला सांगायला नको. स्टुलावर उभं राहायचं, मान मागे टाकायची, दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि एकेक असोला नारळ, सुपारीचं कातर, तोरिंग, चिबूड उचलून धरत गाठी मारायच्या. खाली उभे असलेले सांगणार, 'ते जरा आणखी डावीकडे घे.' वर्षभर टेबलावर रजिस्टर भरणाऱ्या खांद्यांकडून एका दुपारी एवढं काम करून घेतलं, तर दोन दिवसांनी ते तक्रार करणारच. रात्री कॅज्युअल्टीत ड्युटीवरचा डॉक्टर घाम आला का, दम लागला का, हे विचारतो. माटोळी बांधलीत का, हे विचारत नाही. त्याचं चुकलं नाही. त्या घटकेला त्याला एकच गोष्ट ठरवायची असते, हा हार्ट अटॅक आहे की नाही. ते ठरलं आणि तुम्ही घरी आलात. दुखतं कशानं, हा वेगळा प्रश्न, आणि तो कुणी हातात घेतलाच नाही. गेले सात महिने तुम्ही त्याचं उत्तर हृदयाच्या तपासण्यांत शोधताय, तिथे ते सापडणार कसं?

पत्रावरून निदान होत नाही आणि मी करणारही नाही. मी निवृत्त फॅमिली डॉक्टर आहे, हृदयतज्ज्ञ नव्हे. पण डॉक्टरांना कुठे बघायला सांगायचं, ते सांगते.

आधी छाती. बरगड्या पुढे छातीच्या मधल्या हाडाला थेट चिकटलेल्या नसतात, मध्ये कूर्चा असते. त्या सांध्याला ताण बसला की तिथे दुखरेपण येतं, त्याला कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. ते आठवडेच्या आठवडे राहतं, कधी महिने, आणि बरं झालं म्हणेपर्यंत पुन्हा डोकं वर काढतं. शांत बसलेले असताना मधल्या हाडाच्या डाव्या कडेनं एका बोटानं वरून खाली दाबत या. एखाद्या जागी नेमकं तेच, ओळखीचं दुखणं उमटलं, तर ती जागा पेनानं खूण करून डॉक्टरांना दाखवा. हृदयाचं दुखणं सहसा बोट ठेवून दाखवता येत नाही, माणूस पूर्ण पंजा छातीवर ठेवून सांगतो. ते सुई टोचल्यासारखं क्षणभर येऊन जात नाही, आणि कूस बदलली म्हणून कमीजास्तही होत नाही. अर्थात दाबल्यावर दुखलं म्हणजे हृदय सुटलं, असं एवढ्यावरून कुणीही म्हणू नये. तुमच्या बाबतीत म्हणता येतं, कारण मागे सगळे रिपोर्ट आहेत.

आता करंगळी. ही मला छातीपेक्षा जास्त बोलकी वाटते. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागाला जी नस जाते ती कोपराच्या मागून, हाडाला अगदी खेटून जाते. कोपर दाराला आपटलं की हातभर झिणझिण होते ना, तीच. स्टोअरमध्ये डावं कोपर टेबलावर टेकवून लिहिता का? फोन डाव्या कानाला धरून बोलता का? रात्री उजव्या कुशीवर, डावा हात कोपरात दुमडून छातीशी घेऊन झोपता का? (डाव्या कुशीवर झोपणं सोडल्यापासून तुम्ही हेच करत असणार, अशी मला शंका आहे.) कोपर तासन्‌तास दुमडलेलं राहिलं की ती नस ताणली जाते. दुसरी जागा मानेत. मानेच्या तळाशी निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळावर दाब आला तरी त्याच बोटाला मुंग्या येतात, दंड जड होतो, आणि कधी कधी दुखणं छातीच्या वरच्या भागात आणि पाठीच्या फऱ्यापाशी उतरतं. मान मागे टाकून वर बघितल्यावर हाताला काही होतं का, एवढं लक्षात ठेवा आणि सांगा. करंगळी सतत बधिर राहायला लागली, हाताची पकड सैल झाली, शर्टाचं बटण लावताना बोटं चुकायला लागली, तर मात्र वाट बघत बसू नका.

डावा हात म्हटला की आपण हृदयच का धरतो, तेही सांगते. हृदयाच्या आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच मजल्यावर शिरतात, त्यामुळे हृदय दुखलं तरी मेंदूला हात दुखल्यासारखं वाटतं. अन्ननलिकेचंही तसंच. ती हृदयाच्या पाठीलाच आहे, तिथे आम्ल वर आलं की छातीत दाबल्यासारखं, जळजळल्यासारखं होतं, आणि अनुभवी डॉक्टरसुद्धा नुसत्या वर्णनावरून दोन्हींतला फरक ओळखू शकत नाही. दुसरी पाळी करून घरी येऊन अकराला हुमण-भात आणि सव्वाअकराला पाठ टेकायची, असा तुमचा दिवस असेल तर हेही यादीत घ्या. जेवण आणि झोप यात अडीच-तीन तास ठेवून बघा. आम्ल कमी करणाऱ्या गोळीचा काही आठवड्यांचा ठरावीक कोर्स डॉक्टर देऊन बघतात आणि त्यातून उत्तर मिळतं. आपल्याकडे ती गोळी काउंटरवरून घेऊन वर्षानुवर्षं खातात, तसं नको.

हातात असलेल्या रिपोर्टांवर भरवसा किती ठेवायचा? पुष्कळ. ईसीजी त्या क्षणापुरतं सांगतो, हे खरं. पण ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगते आणि काही तासांच्या अंतरानं दोनदा नॉर्मल आली तर त्या रात्री अटॅक नव्हता. इकोनं पंप आणि झडपा बघितल्या, टीएमटीनं पळवून बघितलं, आणि सीटीनं रक्तवाहिन्याच बघितल्या. बेळगावला जाऊन 'खरी' अँजिओग्राफी करण्यानं यात नवीन काही कळणार नाही. ती नळी घालून करायची तपासणी आहे, धोका थोडा असला तरी असतोच, आणि भाऊ सांगतो हे काही ती करण्याचं कारण नव्हे.

एक फट मात्र राहते, ती लपवत नाही. मोठ्या वाहिन्या स्वच्छ असूनही हृदयातल्या अगदी बारीक वाहिन्या नीट न फुलल्यानं, किंवा मोठी वाहिनी अचानक आकसल्यानं अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) होऊ शकतो. बारीक वाहिन्यांचा प्रकार बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि त्यांनाच 'टेन्शन आहे' म्हणून जास्त घरी पाठवतात, याचा मला राग आहे. वाहिनी आकसण्याचा प्रकार बहुधा आरामात असताना, पहाटेच्या सुमाराला येतो. दुखणं चढावर येऊन थांबल्यावर जात असेल, किंवा पहाटे ठरावीक वेळी छाती दाबून जाग येत असेल, तर हृदयतज्ज्ञांना हे याच शब्दांत सांगायचं. तुमचं तसं दिसत नाही. जिने चढताना काही होत नाही, हे तुम्हीच लिहिलंय, आणि पहाटे छाती दाबून जाग येते असंही लिहिलेलं नाही.

आता वडील. बापाचं ५१व्या वर्षी असं जाणं ज्यानं बघितलंय, त्याच्या छातीत सत्तेचाळिसाव्या वर्षी टोचलं तर तो घाबरणार नाही तर काय करणार? चोर येऊन गेलेल्या घरातला कुत्रा पुढे झावळी पडली तरी भुंकतो. तुमचा मेंदू तसा झालाय. बरगडीतली जी कळ दुसऱ्याला जाणवलीही नसती, ती तुम्हाला ठळक ऐकू येते. घाबरलं की श्वास उथळ आणि भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि त्यानं बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं, छाती आवळते. म्हणजे भीतीनं आलेली लक्षणं भीतीच खरी ठरवतात. टीव्हीसमोर होतं आणि कारखान्यात माल मोजताना होत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे. दुखणं दोन्हीकडे असेल. लक्ष एकाच ठिकाणी मोकळं असतं.

हे आजच्या घड्याळांमुळे आणि गुगलमुळे झालं असंही नाही. जेकब मेंडिस दा कोस्टा नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं (आडनाव मडगावचं वाटतं, पण गोव्याशी संबंध नाही) १८७१ साली तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांवर लेख लिहिला. छाती दुखते, धडधडतं, दम लागतो, आणि तपासावं तर हृदय धडधाकट, असे शेकडो जवान त्यानं बघितले होते. त्यांना त्यानं ढोंगी ठरवलं नाही, ही गोष्ट मला त्याच्या लेखाइतकीच मोठी वाटते.

मग करायचं काय?

एक डॉक्टर धरा. सगळे रिपोर्ट तारखेनं लावून एका फाईलीत घाला आणि तुमच्या गावातल्या, ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. त्यांना 'हार्ट चांगलं आहे ना?' असं विचारू नका, ते तेच उत्तर देतील. विचारा, 'छातीची भिंत, मान, कोपर आणि अन्ननलिका यातलं काय दुखतं ते तपासाल का?' शर्ट काढून, हात लावून तपासणी व्हायला हवी. गरज वाटली तर ते फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात किंवा गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) हाडांच्या किंवा मज्जातंतूंच्या विभागात पाठवतील. फिजिओथेरपीचा इथे खरा उपयोग असतो, पण चार दिवस शेक घेऊन सोडलेल्या फिजिओथेरपीचा नाही. व्यायाम शिकून घ्यायचे आणि घरी आठवड्यांमागून आठवडे करायचे.

दोन आठवडे वहीत टिपून ठेवा. किती वाजता, काय करताना, कसे बसला होतात, शेवटचं कधी आणि काय खाल्लं होतं, किती मिनिटं राहिलं. दोन आठवड्यांनंतर वही डॉक्टरांना द्या आणि लिहिणं बंद करा, नाहीतर ती वहीच नवा ऑक्सिमीटर होईल.

ऑक्सिमीटर बायकोच्या ताब्यात. मी हे चेष्टेनं म्हणत नाही. तो छातीतल्या दुखण्याबद्दल काहीच सांगत नाही. अटॅक आलेल्या माणसाचाही आकडा ९८ असू शकतो. घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा असतो, ठोक्यांची लय बिघडली तर कळते, अटॅक ओळखण्यासाठी तो नाही. आकडा चांगला आला की दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा बघावासा वाटतो. पहिले चार दिवस हात शिवशिवतील. ती हुक्की बहुतेक वेळा आपोआप ओसरते, ओसरू द्या. दुखायला लागलं की घड्याळाऐवजी श्वासाकडे जा, आत घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ घेऊन सोडा, पाचेक मिनिटं.

आणि चाला. रोज, सपाटीवर, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. चालताना छातीत टोचलं, तर थोडं हळू व्हा, पण टोचणं हे दर वेळी घरी परतण्याचं कारण करू नका. आराम केला की स्नायू आणखी आखडतात आणि मेंदूला पक्कं वाटतं की काहीतरी धोका होताच. ढोलाचं विचारलं नाहीत, पण मला तेच जास्त लागलं. तो पट्टा मानेवर आणि खांद्यावरच येतो, तेव्हा यंदा नाही घेतला ते एका अर्थी बरं झालं. पावसाळ्यात मान-खांद्याचे व्यायाम नेटानं करा, दिवाळीनंतर घरी पंधरा-वीस मिनिटं ढोल घेऊन बघा, पुढच्या शिगम्याला रोमटात असा.

१०८ कधी बोलवायची, हे एकदा ठरवून फ्रिजवर लिहून लावा, म्हणजे रात्री तीनला नव्यानं विचार करायला नको. छातीत जड दाब आला आणि दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही, सोबत दरदरून घाम, दम, उलटी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, दुखणं जबड्यात, दोन्ही हातांत किंवा पाठीत फाटल्यासारखं, चढावर येणारं नवीन दुखणं, शुद्ध हरपणं, एक पाय सुजून अचानक दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातातली ताकद जाणं. यातलं काहीही झालं तर जुने नॉर्मल रिपोर्ट आठवत बसायचं नाही, फोन लावायचा. स्कूटर काढून स्वतः जायचं नाही. गोव्यात स्टेमी (वाहिनी पूर्ण बंद होऊन येणारा अटॅक) योजनेखाली लांबच्या सरकारी इस्पितळात काढलेला ईसीजी गोमेकॉच्या तज्ज्ञांना दिसतो, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग बांबोळीला हलवतात. म्हणून जवळच्या दारात आधी पोचणं महत्त्वाचं. आणि या यादीत न बसणारं, सात महिन्यांचं ओळखीचं टोचणं आलं, तर ती रात्र घरीच काढायची.

सहा-आठ आठवड्यांत हे सगळं करूनही भीती तशीच राहिली, तर मनाच्या डॉक्टरकडे जा. आयपीएचबीचं (बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळाचं) नाव काढलं की आपल्याकडे अजूनही माणसं आवाज खाली करतात. हृदय निर्दोष असून छाती दुखणाऱ्यांना बोलण्याचे उपचार, त्यातही विचार आणि सवयी बदलण्याची सीबीटी, खरोखर उपयोगी पडतात. नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या अगदी कमी मात्रेत दुखण्याची जाणीव कमी करायलाही वापरतात, तेव्हा ती चिठ्ठी मिळाली म्हणून डॉक्टरांनी वेडा ठरवलं असं समजू नका. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे.

वहिनींसाठी दोन ओळी, त्यांना वाचून दाखवा. 'मनाचे खेळ' म्हणू नका. दुखतं ते खरंच दुखतं. पण दर वेळी 'काही होणार नाही हं तुम्हाला' असंही म्हणू नका, त्या वाक्याचं व्यसन लागतं. यादीत बसतंय का, एवढं विचारा आणि बसत नसेल तर विषय बदला. आईंच्या गाऱ्हाण्याला माझी काहीच हरकत नाही, त्यांना तेवढाच धीर. फक्त कौल काय आला यावर गोळ्या बंद-सुरू करायच्या नाहीत.

तुमच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलचा उल्लेख नाही. पुरुष नातलगाला, म्हणजे बापाला किंवा भावाला, ५५च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो घराण्यातला धोका धरतात, आणि सीटी स्वच्छ आली तरी तो पुसला जात नाही. लिपिड प्रोफाइल, साखर, रक्तदाब, एवढं वर्षातून एकदा करून घ्या. अँजिओग्राफीवर घालायचे पैसे यात किती वेळा पुरतील, हिशोब करा. आणि मस्कतच्या भावाला फोन लावा. बाप दोघांचाही एकच होता. तुमच्या छातीवर तो तिकडून सल्ले देतोय, त्यानं स्वतःचं कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं आणि सिगारेट ओढत असेल तर दिवसाला किती, हे त्याला विचारा.